बाबांच्या पेटीचा कार्यक्रम

बाबा गायक नव्हते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्याला पेटीची साथ केली, भजनाला, दशावताराला, गावच्या नाटकांना, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाकडे सत्यनारायण असला की तिथे. त्यामुळे वर्षश्राद्धाच्या निमित्ताने त्यांच्यासाठी गाण्याचा कार्यक्रम करायचा असं घरात ठरलं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की ठेवायचं काय. गायकाचं त्या मानाने सोपं असतं, त्याची आवडती पाच-सात गाणी घ्यायची आणि शिष्यांनी म्हणायची. पेटीवाल्याचं स्वतःचं असं गाणं कुठलं? नंतर ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं की तुम्ही हे कसं जुळवलंत, आम्हालाही आमच्या माणसासाठी करायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

थोडं बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव कुडाळहून मालवणला जाताना आत वळलं की लागतं. बाबा तरुणपणी परळला गिरणीत होते आणि पेटी तिथेच शिकले, चाळीतल्या भजनी मंडळात. गिरणगावात तेव्हा आपल्या कोकणातल्या गावागावांची मंडळं होती, दिवसपाळी करून आलेली माणसं रात्री टाळ घेऊन बसायची. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो काही मिटला नाही, आणि हजारोंसारखे बाबाही गावी परत आले ते एक ट्रंक आणि एक पेटी घेऊन. त्यानंतर शेती, थोडी काजूची झाडं, आणि संध्याकाळ झाली की पेटी. गावात त्यांना सगळे पेटीमास्तर म्हणायचे, आम्हालासुद्धा कुणी आमच्या नावाने ओळखत नाही, मास्तरांची मुलगी, मास्तरांचो झील असंच.

कार्यक्रमाची कल्पना माझ्या भावाची. तो डोंबिवलीला असतो. त्याने व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि दोन दिवसात त्यावर इतक्या सूचना आल्या की वाचता वाचता जीव दमला. कुणी म्हणे ऑर्केस्ट्रा आणू, कुणी म्हणे कराओकेवर जुनी हिंदी गाणी ठेवू म्हणजे पोरंही बसतील, एका चुलतभावाने मोठा एलईडी स्क्रीन आणि फोटोंचा व्हिडिओ सुचवला. आणि बहुतेकांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की बाबांची पेटी फोटोशेजारी ठेवायची, हार घालून. दिसायला ते छान दिसलं असतं खरंच. पण आईने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, पेटी वाजवायची वस्तू आहे, ती वाजली पाहिजे, हार फोटोला घाला.

तिथून पुढचं सगळं जुळत गेलं असं मी म्हणेन. कारण पेटी वाजणार म्हटल्यावर ती कोण वाजवणार आणि तिच्यावर कोण गाणार हे प्रश्न आले, आणि मग आम्ही एक नियम केला की ज्यांना बाबांनी साथ केली तेच गातील, बाकी कितीही चांगले गाणारे असोत. या नियमाने काही जण नाराज झाले. एका नातेवाईकांचा आवाज खूप गोड आहे आणि ते अशा कार्यक्रमांना नेहमी गातात, त्यांना नाही म्हणणं मला जड गेलं, पण मी स्वतः फोन करून नीट कारण सांगितलं आणि त्यांनी समजून घेतलं. माझं आजही ठाम मत आहे की साथीदाराची आठवण काढायची तर ती त्याने ज्यांना सांभाळलं त्या माणसांच्या गळ्यातूनच निघाली पाहिजे. फोटोंचा व्हिडिओ तेराव्यालाही झाला होता, त्यात बाबा सगळ्या फोटोत कोपऱ्यात आहेत, मध्ये गाणारा.

तारखेवरून बरीच चर्चा झाली. बाबा ज्येष्ठ वद्यात गेले, म्हणजे तिथी ऐन पावसात येते, शेतात लावणी चालू. आत्या म्हणाली, "श्राद्धाच्या दिवसाक नाटकातली पदां नको गो बाय, व्हया तर भजन करा." तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. शेवटी तिथीला सकाळी भटजींकडून विधी, दुपारी वडे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं जेवण, संध्याकाळी देवळातलं नेहमीचं भजन, आणि मोठा कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी असं ठरवलं. शनिवार ठेवल्यामुळे मुंबईची माणसं शुक्रवारी रात्री गाडीत बसू शकली. पावसात कार्यक्रम करणार असाल तर एक लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाणाऱ्याला त्याच दिवशी गाडीतून उतरून थेट गायला बसवायचं धरू नका. वेळ चार ते नऊ ठेवली, कारण लावणीची माणसं तीननंतरच मोकळी होतात आणि रात्री उशीर झाला तर पहाटे पुन्हा चिखलात उतरायचं असतं त्यांना.

जागेचं म्हणाल तर देवळाचा सभामंडप सगळ्यांच्या डोळ्यापुढे होता. पण त्याच्यावर पत्रे आहेत. मी मुद्दाम एकदा जोराच्या पावसात तिथे जाऊन उभी राहिले आणि भावाला फोन लावला, त्याला माझं एक अक्षर ऐकू गेलं नाही. शाळेच्या हॉलला स्लॅब आहे पण तिथे आवाज इतका घुमतो की टाळ वाजले की बाकी काही कळतच नाही. मग घरच ठरलं. आमच्या घराला अजून मंगलोरी कौलं आहेत, कौलावरचा पाऊस सहन होतो, त्यामुळे गाणारे-वाजवणारे पडवीच्या आतल्या लोट्यावर, जवळची माणसं पडवीत आणि बाकीची खळ्यात म्हणजे अंगणात, माटवाखाली (मांडवाखाली). माटवावर पत्रे घालावेच लागले, नुसत्या ताडपत्रीवर पाणी साचतं. शेजारच्या काकांनी त्यावर माडाची झावळं पसरून बांधायला लावली. पत्र्यावर थेंब थेट पडला नाही की आवाज निम्म्यावर येतो. हा उपाय कुठल्याही मांडववाल्याला माहीत नव्हता, काकांना होता.

आता पेटी. बाबा शेवटचे काही महिने आजारी होते आणि त्यानंतरचं वर्ष, एवढा काळ ती बंदच होती. कोकणात बंद पेटीचं काय होतं ते ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही, मग तो सूर नुसता वाजत राहतो. आत कसर लागते, नमदा खाल्ला जातो, स्प्रिंगांना गंज चढतो. सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या आतल्या जिभा, पितळेचे असतात, ते टिकतात, पण फटीत धुळीचा कण अडकला तरी सूर मुका होतो. आम्ही उघडली तेव्हा सहा-सात सूर अजिबात बोलत नव्हते आणि भाता हवा धरत नव्हता. भाता तपासायची सोपी रीत आहे, सगळे स्टॉप, म्हणजे समोरच्या ओढायच्या खुंट्या, बंद करून भाता भरायचा आणि सोडून द्यायचा, तो लगेच बसला तर हवा कुठूनतरी जातेय.

सावंतवाडीच्या बाजूला एक जुने पेटी दुरुस्त करणारे आहेत, बाबांना ओळखणारे. त्यांच्याकडे नेली. त्यांनी झाकण काढलं, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले इकडे हात लाव. मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्यांवर पांढऱ्या पत्रीला चक्क खळगा पडलाय, नखाला लागतो, आणि काळी चारची, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीची, कड तर गोल झालीय झिजून. ते म्हणाले मास्तरांनी जन्मभर उंच आवाजाच्या भजनी बुवांना साथ केलीय, ही पेटी बघून कोणीही सांगेल. मी लहानपणापासून ती पेटी बघतेय पण हे कधी दिसलं नव्हतं. त्यांनी विचारलं नवीन पट्ट्या बसवू का. नको म्हटलं. बाकी मात्र सगळं केलं त्यांनी, भात्याच्या घडीला नवीन कातडं, स्प्रिंगा बदलल्या, प्रत्येक सूर काढून पुसला. सूर लावताना जिभेच्या टोकाकडे खरवडलं की सूर चढतो आणि मुळाकडे खरवडलं की उतरतो, आणि एकदा खरवडलेलं पितळ परत येत नाही, त्यामुळे हे काम घाईत करायला सांगू नये. कार्यक्रमाच्या चांगले दोन-तीन महिने आधी पेटी द्या, आणि परत आल्यावर रोज थोडा वेळ वाजवत ठेवा, रोजच्या वाजवण्याने ती जेवढी चांगली राहते तेवढी कापडात गुंडाळून राहत नाही.

वाजवणार कोण हा नाजूक विषय होता. गोव्याच्या एका नावाजलेल्या वादकाला बोलवावं असं काहींचं मत होतं, आणि बाबांना गोव्याच्या पेटीवाल्यांचं फार कौतुक होतं हेही खरं. बोरीचे तुळशीदास बोरकर म्हणजे तर त्यांचं दैवत, २०१६ ला बोरकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी वाडीत पेढे वाटले होते. पण आई आणि मी दोघीही एकाच नावावर होतो, बाबांची शेवटची विद्यार्थिनी, कॉलेजात शिकणारी पोर, जी आजारपणातही त्यांच्याकडे यायची आणि ते कॉटवर पडून तिला बोटं सांगायचे. तिला विचारलं तर आधी रडायलाच लागली आणि मग म्हणाली, भजन आणि गौळणी मी वाजवते पण नाट्यपदांना मला भीती वाटते. मग नाट्यपदांसाठी बाबांचे कुडाळचे एक समवयस्क वादक बसले, आणि त्यांनी आधीच सांगितलं की मी मध्येच उठणार आणि एक पद तिला वाजवायला देणार. तसंच केलं त्यांनी.

गाणारे कोण कोण ते ठरल्यावर मी वहीत नावं लिहून क्रम लावायला घेतला. आधी आपलं सरळ, नमन, मग वयाने मोठे, मग बायका, मग मुलं असा. तो कागद कुडाळच्या वादकांना दाखवला आणि त्यांनी विचारलं की ह्यातल्या प्रत्येकाची पट्टी काय, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरून कोण गातं? मला कुणाचीच माहीत नव्हती. ते म्हणाले क्रम पट्टीवर लाव, मानावर लावू नकोस. आणि ही मला या सगळ्यातली सर्वात कामाची गोष्ट वाटते म्हणून जरा समजावून सांगते. पेटीला सगळ्या पट्ट्या सारख्याच, बोटं सरकवली की झालं. पण पखवाज आणि तबला एका सुराला लावलेला असतो. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तो एखादा सूर वरखाली होतो, पण काळी चारचा पखवाज काळी दोनला आणायचा म्हटलं तर कातडं ढिलं पडतं आणि आवाजच मरतो. त्यासाठी वेगळा पखवाज लागतो, उंच पट्टीला लहान तोंडाचा, खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा. म्हणजे एक गाणारा काळी चारचा, पुढचा काळी दोनचा, पुन्हा काळी चारचा असं लावलं तर प्रत्येक वेळी वाद्य बदलणं, लावणं, टकटक, आणि लोक उठून चहाला जाणार.

मग मी सगळ्यांना फोन केले. बायका बहुतेक काळी चार, काळी पाच. आजच्या मंडळाचे तरुण बुवाही काळी चार. दशावतारात राजा करणारे एक कलाकार, बाबांचे खास दोस्त, ते काळी दोन. पावसात दशावताराची नाटकं नसतात त्यामुळे ते मोकळे होते, नाहीतर दिवाळीनंतर ते कुणालाच सापडत नाहीत. आणि सगळ्यात जुने बुवा, ज्यांच्याबरोबर बाबांनी उभी हयात डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, पेटी वाजवली, ते एकेकाळी काळी चारच्या खाली उतरायचे नाहीत. त्यांना पट्टी विचारताना मला संकोच वाटत होता. फोनवर थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "तुझ्या बापाशीन माका कधी पडूक दिल्यान नाय. आता माझो आवाज काळी दोनच्या वर जायत नाय, चलात काय?" म्हटलं बुवा, तुम्ही नुसते बसलात तरी चालेल.

तर असे दोन गट झाले, आधी काळी चार-पाचवाले, मग काळी दोनवाले, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून भजन. पखवाज-तबला मध्ये एकदाच बदलला. आणि ती बदलायची दहा-पंधरा मिनिटं आम्ही आठवणींना दिली. भाषणं वेगळी ठेवलीच नाहीत. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात भाषणं एकदा सुरू झाली की थांबवता येत नाहीत, आणि बिचारे गाणारे घसा गार करून बसतात. इथे माईकवाल्याला सांगून ठेवलं होतं की पखवाज लागला की माईक गाणाऱ्याकडे. कुणाला वाईट वाटलं नाही, कारण वाद्य लागेपर्यंतच बोलायचंय हे समोर दिसत होतं.

पखवाज पावसात उतरतो. दमट हवेत कातडं ओल धरतं आणि सकाळी लावलेला सूर दुपारी खाली आलेला असतो. आमच्या पखवाजवाल्या मामांनी दोन्ही पखवाज आणि तबला आदल्या रात्रीपासून आतल्या खोलीत ठेवले, दार लावून, मध्ये जुना शंभरचा पिवळा बल्ब लावून. एलईडीचा बल्ब चालत नाही, त्याला ऊब नसते. आणि धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक आईने मळली. ती कायमच मळायची, घरी भजन असलं की पोळ्यांच्या कणकेच्या आधी पखवाजाची कणीक, जरा सैल, मीठ तेल काही नाही. मामा ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि नेहमीसारखं म्हणाले वहिनी कणीक. आईने गोळा ठेवला ताटात. त्यांनी तो धुमेवर थापला, कडा पाण्याच्या बोटाने बसवल्या, एक थाप मारून बघितली, थोडी काढली, पुन्हा थाप मारली. आई दारात उभी राहून ऐकत होती आणि म्हणाली अजून चिमूटभर काढा. मामांनी काढली आणि धूम बरोबर बोलली. इतकी वर्षं आत उभं राहून ती हे ऐकतेय, तिला सूर लागलेला कळतो हे मला तेव्हा नीट कळलं.

आता कॅसेटचं. बाबांची साथीची रेकॉर्डिंग्ज पुष्कळ आहेत पण त्यात पेटी मागे आणि बुवा पुढे. एकटे बाबा वाजवतायत असं एकच रेकॉर्डिंग आहे, एका जत्रेत दशावतार उभा राहायच्या आधी पालखी यायची वाट बघत असताना ते आणि मृदंगवाला वाजवत बसलेत, मागे माणसांचा गोंगाट, खाज्याच्या दुकानावरची हाकाहाकी, आणि मध्येच बाबांचा आवाज, "वाढव, वाढव जरा." कुणीतरी सहज टेप चालू ठेवला असणार. कॅसेट नव्वद मिनिटांची, आणि कोकणातल्या कपाटात जे होतं तेच झालेलं, फितीच्या कडेला पांढरी बुरशी. अशी कॅसेट सरळ प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला पण जाते. शिवाय आतला तो छोटा स्पंजचा पॅड सुटून पडला होता. कॅसेटला चार कोपऱ्यात स्क्रू होते म्हणून बरं, उघडून फितीची दोन्ही चाकं तशीच उचलून एका चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवली, फितीला हात न लावता, आणि कोरड्या मऊ कापडातून हळूहळू एकदा पुढे एकदा मागे फिरवली. हे काम भावाच्या मित्राने केलं. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड. आवाज स्वच्छ करायच्या नादात आम्ही जास्त पडलो नाही, गोंगाट काढायला गेलं की पेटीही पातळ होते, आणि तो जत्रेचा गोंगाट मला हवाच होता.

एक अडचण मात्र होती. ऐकताना काहीतरी खटकत होतं, वाजवणं बाबांचंच पण पेटी त्यांची वाटेना. दुरुस्त होऊन आलेली पेटी समोर ठेवली आणि रेकॉर्डिंगचा षड्ज, म्हणजे सा, शोधला तर तो काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्येच कुठेतरी. म्हणजे टेप जलद फिरत होता. टेप जलद फिरला की सूर चढतो, साधारण सहा टक्के वेग वाढला की पुढची पट्टी येते. ज्या पेटीवर ते वाजवलंय तीच पेटी समोर होती, त्यामुळे अंदाज करायचं काही कारणच नव्हतं. काळी दोन दाबून धरायची आणि सॉफ्टवेअरमध्ये वेग थोडा थोडा कमी करत न्यायचं, दोन्ही सूर एकमेकांत मिसळेपर्यंत. आधी दोन सुरांच्या मध्ये लाटा ऐकू येतात, मग त्या लाटा हळू होत जातात आणि एका जागी थांबतात. त्या क्षणी बाबांचा "वाढव जरा" सुद्धा त्यांच्या खऱ्या आवाजात आला, तोपर्यंत तो जरा बारीक वाटत होता. आम्ही तिघंही मग थोडा वेळ कामच केलं नाही.

साऊंडचं थोडक्यात. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, रात्री दहा ते सकाळी सहा बंदच, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात आहे. साऊंडवाला लग्न-वरातीचा होता, त्याने आल्या आल्या दोन मोठे बेस मांडले. ते परत गाडीत ठेवायला लावले. त्याला कुडाळच्या वादकांनी बसवून सांगितलं की इको बंद, बेस खाली, पखवाजाला माईक लांब, आणि पेटीचा माईक भात्यासमोर नको, वारा लागतो, पट्ट्यांच्या बाजूला वरून तिरका लाव. पोरगा मनापासून शिकत होता. लाईट जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर ठेवा, जनरेटर ठेवलात तर गाणं एकीकडे आणि घुरघुर एकीकडे. आमच्याकडे लाईट गेलीच. लाईव्ह करायचा विचार सोडून दिला कारण वाडीत नेटवर्क नाही, त्याऐवजी मिक्सरमधून एक रेकॉर्डिंग आणि समोर स्टँडवर वेगळा रेकॉर्डर, कारण नुसत्या मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये कोरस आणि टाळ जवळपास येतच नाहीत.

कार्यक्रम कसा झाला ते किती लिहू. निवेदन मीच केलं आणि फार बोलले नाही. एक गोष्ट मात्र सांगितली जी बाबा नेहमी सांगायचे, की आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, पण आपल्या देवळांत त्या सगळ्या वर्षांत ती एक दिवस थांबली नाही. मग गजर झाला, बायकांनी गौळणी म्हटल्या, ज्या काकूंनी गावच्या नाटकात तरुणपणी नायिका केली होती त्यांनी तेव्हाचंच पद काळी पाचमध्ये असं म्हटलं की खळ्यातली माणसं उठून पडवीत आली. माझ्या मुलीला बाबांनी शाळेच्या प्रार्थनेला साथ केली होती, तिने ती प्रार्थनाच म्हटली. वाद्यं बदलताना कॅसेट लावली, चारच मिनिटं. "वाढव जरा" आलं तेव्हा पखवाजवाले मामा हातातला हातोडा खाली ठेवून बसले.

जुने बुवा शेवटून दुसरे. एका अंतऱ्याला त्यांचा श्वास कमी पडला आणि ते मध्येच थांबले, आणि बाबांच्या त्या विद्यार्थिनीने पेटी तिथेच पुढे नेली, त्यांची ओळ हळू आवाजात पूर्ण वाजवली आणि धृपदावर आणून त्यांच्यासाठी सूर धरून ठेवला. बुवांनी तिच्याकडे बघितलं आणि धृपद उचललं. बाबा हेच करायचे. तिला हे कुणी त्या दिवसासाठी शिकवलं नव्हतं, तो तिच्या शिक्षणातलाच भाग होता, आणि माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमात बाबा सगळ्यात जास्त कुठे होते तर तिथे. भैरवी झाली तेव्हा नऊला थोडा वेळ बाकी होता.

खर्च सगळ्यात जास्त माटव आणि जेवणावर झाला. कलाकारांपैकी कोणीच मानधन घ्यायला तयार नव्हतं, तरी प्रवासाचं पाकीट आम्ही नारळ आणि शालीच्या आत ठेवून दिलं, कारण दशावतारातल्या माणसाला पावसाचे चार महिने उत्पन्न नसतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. तुम्ही करत असाल तर हे विसरू नका. रेकॉर्डिंगचे वेगवेगळे तुकडे करून ज्याचं त्याला पाठवले, मूळ फाईल भावाकडे आणि माझ्याकडे दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आहे.

पेटीचा निर्णय आईने घेतला. ती आता त्या पोरीकडे असते, सोमवारी देवळात भजनाला जाते आणि परत तिच्याकडे. आईने तिला तीन गोष्टी सांगितल्यात, रोज वाजवायची, पावसात पेटीखाली पाट ठेवायचा जमिनीवर ठेवायची नाही, आणि पट्ट्या बदलायच्या नाहीत. पुढच्या महिन्यात जुन्या बुवांच्या नातवाचं पहिलं भजन आहे, साथीला तीच बसणार आहे, तिने परवा फोन करून विचारलं की त्याची पट्टी काळी चार आहे, घेऊ का मास्तरांचीच पेटी. म्हटलं घे.